आतून लागणारी कडी

गुदैबियाच्या मागच्या गल्लीत,
कोल्ड स्टोअर आणि शिंप्याच्या दुकानामधल्या बोळात
मी फॉर्म घेऊन उभी होते.
संध्याकाळचे सात, तरी भिंतीला पाठ टेकवत नव्हती.

मोहल्ला निधीचे साडेतीनशे दिनार वाटायचे होते यंदा.
समितीचं तसं आधीच ठरलेलं:
आरोग्य शिबिर, रक्तदाब, फळांचा रस, बॅनर.
पण नव्या नियमांत एक ओळ होती,
‘गरज राहणाऱ्यांनी सांगावी.’
ती मीच टाइप केली होती,
म्हणून विचारायलाही मलाच पाठवलं.

पहिल्या दिवशी कुणी बोलेना.
त्यांना वाटलं, मी घरमालकाकडून आलेय.
दुसऱ्या दिवशी गुहागरच्या इब्राहिम मुकादमांनी खुर्ची दिली,
तिचा एक पाय विटेवर.
“पहिली गरज लिवा, खुर्ची,” म्हणाले, आणि स्वतःच हसले.
मग कुणाला थंड पाण्याचा कूलर हवा होता,
कुणाला पगाराचा अरबी कागद वाचून दाखवणारा माणूस.
रंगारी लक्ष्मय्याला दाताचा डॉक्टर,
तोही आजच.

सुगंधा तारकर जिन्यात बसली होती,
पदराआड फोन, तोंड भिंतीकडे.
वरून कुणी उतरलं, ती सरकली.
खालून कुणी चढलं, पुन्हा सरकली.
एका वाक्यात चार वेळा.

नंतर म्हणाली,
“लेकीचं लग्न मोडलं गेल्या महिन्यात.
ते मी ह्या पायरीवर ऐकलं.
खोलीत आम्ही सात जणी.
‘बरं’ म्हटलं तिला. दुसरं काय म्हणणार,
सिलिंडरवाला वाट मागत होता.
एखादी खोली मिळेल का हो, आतून कडी लागेल अशी?
झोपायला नको.
बोलायला.”

खाली येऊन मी ते वाचून दाखवलं.
मुकादम विटेकडे बघत राहिले.
ते गच्चीवर जातात, टाकीमागे,
घरून फोन आला की.
लक्ष्मय्या गाल धरून म्हणाला, माझी दाढ खोडा.

समितीने विचारलं, लाभार्थी किती?
एका वेळी एक, मी म्हटलं.
देखरेख कोण करणार?
कुणीच नाही. त्यासाठीच तर कडी.
खजिनदारांना बॅनर कुठे लावायचा ते कळेना.
दोन बैठका गेल्या, तिसरीत समोसे होते,
दोनशे दहा मंजूर झाले.
मला कुणी ‘फारच हळवी’ म्हणालं,
ते इतिवृत्तात आलं नाही.

शिंपी अब्दुस सत्तारने मागची कोठी दिली, बिनभाड्याची.
अट एकच: गुरुवारी रात्री पहिला नंबर त्याचा,
कोमिल्लात त्याची आई तेव्हाच जागी असते.
जुना एसी बासष्ट दिनार.
रंग लक्ष्मय्याने लावला, सुजल्या गालाने.
खुर्ची, चारही पाय असलेली.
अंडी उकडायचं घड्याळ, वीस मिनिटांवर लावलेलं.
कडी एक दिनार दोनशे फिल्स,
एवढ्याशा रकमेची पावती द्यायला
दुकानदार कुरकुरला.

आता अहवाल हवाय.
‘उपक्रम चालू असतानाचे छायाचित्र जोडावे.’
काल गेले.
दाराबाहेर सुगंधाच्या चपला, एक पट्टा दोऱ्याने शिवलेला.
आतून आवाज येत होता,
हसण्याचा की कशाचा, एसीच्या घरघरीत कळेना.
घड्याळ किणकिणलं.
पुढचा नंबर एका पोरसवदा मेकॅनिकचा,
हाताला ग्रीस, फोनवर आठ मिस्ड कॉल.
त्याने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
“पाणी पिऊन येतो,” म्हणाला,
आणि कोल्ड स्टोअरच्या कोपऱ्यापर्यंत
सावकाश चालत गेला.

मी बंद दाराचा फोटो काढला.
खाली लिहिलं, उपक्रम चालू आहे.